लक्ष्मीशेजारचा दुसरा हत्ती
आवडतं चित्र कसं निवडावं आणि त्याची आठवण कशी जपावी

कुंभकोणमचं घर रिकामं करायला आम्ही जमलो, तेव्हा भिंतींवर १४ चित्रं होती आणि वाटेकरी पाच: सासूबाई आणि त्यांची चार मुलं. भांडी तासाभरात वाटून झाली. पितळी घागरी, नाच्चियारकोइलच्या उंच समया, कॉफीचे डबरा-टंबलर, ज्याला ज्याचा उपयोग होता त्यानं ते घेतलं. चित्रांपाशी येऊन मात्र सगळेच थबकले. चित्राचा उपयोग काय सांगायचा?

माझे यजमान आधी बोलले. "मला लक्ष्मी हवी. दोन हत्तींची."

"हत्ती एकच आहे," थोरल्या नणंदबाई म्हणाल्या.

"दोन आहेत, अक्का. लहानपणापासून बघतोय मी."

आम्ही सगळे मधल्या खोलीत गेलो. रविवर्म्यांची लक्ष्मी कमळावर उभी होती. तिच्या बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती होता. एकच.

ते बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले. त्या दुसऱ्या हत्तीचा पत्ता आम्हाला दोन दिवसांनी लागला, तो पुढे सांगते. पण त्या दुपारी मला जे उमगलं ते आधी सांगायला हवं. भिंतीवरचं चित्र आणि मनातलं चित्र ही दोन चित्रं असतात, आणि जपायची असतात ती दोन्ही. वडिलोपार्जित घर आवरताना, नव्या घराच्या भिंतीसाठी काही निवडताना, किंवा नुसतंच "मला नेमकं कुठलं चित्र आवडतं?" असं स्वतःला विचारताना काय करावं, हे त्या चार दिवसांत आम्ही चुकतमाकत शिकलो. आमच्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून लिहिते आहे.

आमचं सासर तंजावरच्या मराठी लोकांतलं. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला मराठ्यांचं राज्य उभं केलं. १८५५ मध्ये शेवटचे राजे गेले आणि राज्य इंग्रजांकडे गेलं, पण मराठ्यांच्या काळात कावेरीकाठी उतरलेली घरं तिथेच राहिली. घरात मराठी, दारात तमिळ. सासूबाईंच्या मराठीत अजूनही असे शब्द येतात की मी तळेगावची असून मला थांबून विचारावं लागतं. अशा घरांच्या भिंती वाचायच्या असतात. आमच्या मधल्या खोलीत तंजावरचा राम, लोणावळ्याजवळ छापलेली लक्ष्मी, समर्थांचं एक जुनं चित्र आणि एक बिननावाचं जलरंगातलं तळं शेजारीशेजारी होतं.

पहिली गोष्ट, खिळ्यावरून काहीही उतरवण्याआधी भिंतीचा फोटो काढा. सुट्या चित्रांचा नंतर. आधी अख्खी भिंत, समोरून, सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता. मग खोलीच्या दारातून, म्हणजे घरचा माणूस आत येताना त्याला जशी दिसायची तशी. आम्ही हे केलं नाही. दिरांनी उत्साहानं सगळी चित्रं उतरवून ओट्यावर, तिथे ज्याला तिण्णै म्हणतात तिथे, रांगेनं लावली. भिंतीवर राहिले ते खिळे आणि फिकट चौकोन. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, समर्थांचं चित्र घड्याळाखाली होतं. अक्का म्हणाल्या, दाराच्या वर. चौकोन मोजून आम्ही काही जागा जुळवल्या, पण दोन चित्रांचा मेळ अजून लागलेला नाही. कुठल्या चित्राखाली पाळणा होता, कुठल्या चित्राच्या काचेत रस्त्यानं येणारं माणूस दिसायचं, ही माहिती चित्रात नसते, ती जागेत असते. फोटो काढून झाला की एका कागदावर भिंतीचा आराखडा काढा, प्रत्येक चौकटीला क्रमांक द्या, आणि तोच क्रमांक पुढे प्रत्येक नोंदीवर वापरा.

आता निवड. इथे लोक एक घाई करतात: सगळ्या चित्रांसमोरून फिरतात आणि जे सुंदर दिसेल किंवा महाग वाटेल त्यावर बोट ठेवतात. तसं केलं तर तंजावरचं सोनं लावलेलं चित्र प्रत्येक वेळी जिंकतं. त्याऐवजी दुसऱ्या खोलीत बसा, जिथून एकही चित्र दिसत नाही. वही घ्या. पहिलं आठवेल ते चित्र शब्दांत लिहून काढा. रंग कोणता, कोण उभं आहे, कोण बसलंय, उजव्या हातात काय आहे, मागे डोंगर की भिंत, चौकट काळी की सोनेरी. पंधरा मिनिटं पुरतात. आठवत नसेल तिथे जागा सोडा, अंदाजानं भरू नका. मग कागद घेऊन चित्रासमोर जा आणि ताडून बघा.

जे जुळत नाही त्यावर काट मारू नका. तिथेच तुमची आठवण बसलेली असते. माझ्या यजमानांचा दुसरा हत्ती असाच न जुळणारा होता. अक्कांनी रामाच्या चित्रात सीतेची साडी हिरवी लिहिली होती. प्रत्यक्षात ती तांबडी. हिरवी साडी त्यांच्या आजीची होती, जी रोज संध्याकाळी त्या चित्रासमोर दिवा लावायची. एका ओळीत चित्र बदललं होतं आणि आजी सापडली होती. माझं मत असं की ज्या चित्राबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त चुकलात ते बहुतेक वेळा तुमचं खरं आवडतं चित्र असतं, कारण त्यात तुम्ही सगळ्यात जास्त वावरलेले असता.

मग बघायला शिका. हे मी कुंभकोणमच्या रामस्वामी देवळात शिकले. १७ व्या शतकातलं, तंजावरच्या रघुनाथ नायकांच्या काळातलं हे देऊळ. गाभाऱ्यात राम आणि सीता पट्टाभिषेकाला एकाच आसनावर बसलेले, भरताच्या हातात छत्र, शत्रुघ्नाच्या हातात चवरी, लक्ष्मण जवळ, आणि मारुतीच्या एका हातात वीणा तर दुसऱ्या हातात रामायणाची पोथी. बाहेर प्रदक्षिणेच्या वाटेवर भिंतींवर चित्रांतलं रामायण आहे. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा चालत चालत बघितलं, आणि बाहेर आल्यावर एकही प्रसंग नीट सांगता आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि एकाच प्रसंगासमोर दहा मिनिटं उभी राहिले. तीन मिनिटांनी कंटाळा येतो. तो येऊ द्या. कंटाळ्याच्या पलीकडे गेलं की कोपऱ्यातली माणसं दिसू लागतात: कुणी पाठमोरं, कुणी भलतीकडेच बघणारं. देवळात, संग्रहालयात, नातलगांच्या घरी, कुठेही गेलात तरी एका भेटीत एकच चित्र, एवढा नेम करा. दहा मिनिटं झाल्यावर पाठ फिरवा आणि आठवून बघा. जे सोबत आलं ते तुमचं.

दिरांनी घरातला तंजावरचा राम मागितला. कारण विचारलं तर म्हणाले, "मारुती अभ्यास करतो म्हणून." लहानपणी पुस्तक उघडत नसत तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, मुलांचे अप्पा, त्यांना या चित्रापुढे बसवायचे आणि पोथी धरलेला मारुती दाखवायचे. सोन्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मी त्यांना देवळात घेऊन गेले. कुंभकोणममध्ये जन्म काढलेला माणूस, देवळात शेकडो वेळा गेलेला, पण गाभाऱ्यातल्या मारुतीच्या हातातली पोथी आणि घरातल्या चित्रातली पोथी एकच आहे हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा जुळवलं. तुमच्या आवडत्या चित्राचं मूळ जवळपास कुठे असेल, एखादं देऊळ, घाट, गडाचा दरवाजा, तर तिथे एकदा चित्राचा फोटो हातात घेऊन जरूर जा.

सासूबाईंनी काय निवडलं ते ऐकून सगळे चकित झाले. त्यांनी मागितलं ते बिननावाचं जलरंगातलं तळं. महामहम तळ्याचं चित्र, चौफेर पायऱ्या, काठावरचे मंडप, आणि पाण्यात एकही माणूस नाही. कुंभकोणममध्ये १८८७ पासून चित्रकलेचं शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे, तिथल्या एका विद्यार्थ्याला कधीकाळी आमच्या माडीवर खोली दिली होती. जाताना त्यानं ते दिलं. सही नाही, तारीख नाही, कागद कडेला तपकिरी पडलेला.

मी विचारलं, "आई, एवढी चित्रं असताना हेच का?"

त्या म्हणाल्या, "बाकीच्या चित्रांत देव माझ्याकडे बघतात. या चित्रात मी कुठे बसले होते ते मला माहीत आहे."

आम्ही त्यांना रिक्षानं तळ्यावर नेलं. दर बारा वर्षांनी जिथे महामहमच्या स्नानाला लाखो माणसं येतात, त्या तळ्याच्या उत्तरेकडच्या पायऱ्यांवर त्या हळूहळू फिरल्या, मागेपुढे झाल्या, आणि एका पायरीवर थांबल्या. चित्रातल्या मंडपांची रांग तिथून तंतोतंत तशी दिसत होती. लग्न होऊन नवीन आल्या तेव्हा दुपारची कामं आटोपून त्या तिथे येऊन बसायच्या, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.

म्हणून, निसर्गाचं किंवा गावाचं चित्र निवडणार असाल तर हा प्रश्न विचारा: चितारी कुठे उभा होता? उजेड कुठल्या बाजूनं येतोय, सावल्या लांब की आखूड, क्षितिज नजरेच्या वर की खाली. एवढ्यावरून सकाळ की दुपार, उभा की बसलेला, हे ठरवता येतं. ती जागा सापडली की चित्रकाराचं नाव नसलं तरी चित्र अनाथ राहत नाही.

आता लक्ष्मीकडे येते, कारण तिच्यातून मला जे कळलं ते प्रत्येक मराठी घराच्या कामाचं आहे. तिच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरं होती: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. मी तळेगाव दाभाड्याची. आमच्या स्टेशनवरून लोकलनं लोणावळ्याकडे निघालं की वडगाव, कान्हे, कामशेत आणि चौथं मळवली. तिथेच हा छापखाना होता. मी लग्न होऊन हजार-बाराशे किलोमीटर दूर गेले, आणि तिथल्या भिंतीवर माझ्या माहेरच्या रुळांवरून निघालेलं चित्र माझ्या आधी येऊन पोचलेलं होतं. ती ओळ वाचली आणि मला त्या घरात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. माझं आवडतं चित्र तेव्हापासून तेच आहे, यजमानांच्या कारणाहून अगदी वेगळ्या कारणानं.

आणि या चित्रामागे एक कुंभकोणमकरही आहे. सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला, तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यात जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे ते दिवाण झाले. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या हाती कारभार आला त्या १८८१ सालच्या समारंभाच्या वेळी त्यांनी राजा रविवर्मा यांना तिथे बोलावून घेतलं. पुढे त्यांनीच रविवर्म्यांना पत्रानं सुचवलं, की तुमच्या चित्रांची मागणी दोन हातांनी पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या तैलरंगी छापील प्रती काढून घ्या. रविवर्म्यांनी चित्रं परदेशी धाडण्याऐवजी १८९४ मध्ये मुंबईतच छापखाना काढला. शकुंतलेचा जन्म हे तिथून निघालेलं पहिलं चित्र. नंतर छापखाना मळवलीला हलला आणि काही वर्षांनी तिथल्याच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. देवघरातला देव मूर्तीच्या ऐवजी चेहरा होऊन, साडी नेसून, घरोघरच्या भिंतीवर आला तो या वाटेनं. तुमच्या आजोळच्या सरस्वतीचा धागा माधवरावांच्या त्या पत्रापाशी पोचत असेल, हे मला फार आनंदाचं वाटतं.

तेव्हा जुनं छापील चित्र हाती आलं तर आधी कडा वाचा. छापखान्याचं नाव, गाव, कधी क्रमांक, कधी विकणाऱ्या दुकानाचा शिक्का, सगळं तिथेच असतं. मग भिंग लावा. शिळेवरून छापलेल्या चित्रात, म्हणजे दगडावर आकृती काढून प्रत्येक रंगाला वेगळा दगड वापरायचे त्यात, ठिपके वेडेवाकडे, हातानं टाकल्यासारखे दिसतात. आजच्या छपाईत तेच ठिपके यंत्रानं आखल्यासारखे सारखे असतात आणि त्यांची बारीक फुलं झालेली दिसतात. काही जुन्या प्रतींवर वार्निश असतं आणि कापडाच्या विणीसारखा उठाव असतो, त्यामुळे लोक त्यांना हातानं रंगवलेलं मूळ चित्र समजतात. कुणी खोटी आशा लावली तर भुलू नका. एकाच चित्राच्या पुष्कळ प्रती निघाल्या होत्या. दक्षिणेत अशा चित्रांवर घरच्या बायकांनी जर, मणी, टिकल्या शिवून देवीला नटवलेलं आढळतं. तसं काही असेल तर ते काढून चित्र "स्वच्छ" करण्याचा विचारही मनात आणू नका. त्या टाक्यांचा हात तुमच्याच घरातल्या कुणाचा तरी आहे.

कडा वाचा असं मी एवढ्या कळकळीनं सांगते त्याला कारण आहे. लक्ष्मीच्या मागच्या बाजूला आणि खालच्या पट्टीवर आजेसासऱ्यांनी पेन्सिलीनं मोडीत दोन ओळी लिहिल्या होत्या. मोडी येणाऱ्या माणसाकडून वाचून घेऊ, असं आम्ही म्हणत राहिलो. पुण्याला परत आल्यावर काच तडकली होती म्हणून चित्र एका दुकानात नव्या चौकटीसाठी दिलं. परत आलं तेव्हा चौकट उत्तम होती आणि चित्र चारी बाजूंनी बोटभर कापलेलं होतं. मापात बसवायला कोरी पट्टी कापली, असं त्यांनी सांगितलं. मागच्या बाजूला जाड पुठ्ठा डिंकानं पक्का चिकटवला होता. त्या दोन ओळींत काय होतं ते आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही. तुम्ही चौकटीला चित्र द्याल तेव्हा आधी पुढून-मागून फोटो काढा, आणि कागदावर लिहून द्या: कापायचं नाही, चिकटवायचं नाही, जुना पुठ्ठा आणि जुने खिळेसुद्धा परत द्यायचे. समोर उभं राहून काम करून घेता आलं तर त्याहून बरं. काच चित्राला थेट टेकू देऊ नका. मध्ये पुठ्ठ्याची पट्टी हवी, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. आणि जुना कागद लॅमिनेट तर कधीच करू नका, तो परत निघत नाही.

तंजावरच्या चित्राची तऱ्हा वेगळी. तिथे त्याला पलगै पडम म्हणतात, फळीवरचं चित्र. जुन्या चित्रांना फणसाच्या लाकडाची फळी असे, आता बहुधा प्लायवूड. फळीवर कापड चिकटवतात, आकृती काढतात, खडे बसवतात, खडूची भुकटी आणि डिंक यांच्या लगद्यानं दागिने आणि महिरपी उठावात आणतात, वर सोन्याचा वर्ख लावतात, आणि रंग शेवटी. सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात, १७९८ ते १८३२, या कलेला मोठा आश्रय होता. नवीन विकत घेणार असाल तर वर्ख खरा की नकली हे स्पष्ट विचारा, कारण खरं सोनं काळं पडत नाही. पण जुनं असेल आणि काजळीनं काळवंडलं असेल तर ओल्या फडक्यानं पुसू नका; लगदा पाण्यानं सुटतो. मऊ कोरड्या कुंचल्यानं धूळ झटकावी, एवढंच घरी करावं. फळीला मागून बारीक छिद्रं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकडात कीड आहे. ते चित्र बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. काचेवरचं चित्र असेल तर आणखी जपा. ते काचेच्या मागच्या बाजूनं, उलट्या क्रमानं रंगवलेलं असतं, डोळे-दागिने आधी आणि पार्श्वभूमी नंतर. मागची बाजू पुसली तर चित्रच पुसलं जाईल.

कुठल्याच चित्राला स्वयंपाकघराची किंवा न्हाणीघराची भिंत देऊ नका. थेट ऊन नको, समईच्या वर लगेच नको. कसर लागते ती मागच्या बाजूनं, म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, चित्र उतरवून पाठ बघायची.

आता आठवणी. घरातल्या मोठ्यांना "जुन्या आठवणी सांगा ना" म्हटलं तर ते तेच चार प्रसंग सांगतात, सगळ्यांना पाठ असलेले. त्याऐवजी चित्र त्यांच्या मांडीवर द्या. चित्र हातात आलं की माणूस वेगळं बोलतो. आणि प्रश्न लहान ठेवा. हे कोण पुसायचं? खाली काय ठेवलेलं असायचं? कुणी रुसलं की कुठे बसायचं? कुणाच्या लग्नात हे उतरवलं होतं? तारीख विचारू नका, तारखेनं माणूस अडखळतो, "थोरलीच्या आधी की नंतर?" असं विचारा. फोनवर आवाज मुद्रित करा, पण फोन उपडा ठेवा. एका बैठकीत एक चित्र. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहा, नावानिशी. कोण खरं हे ठरवायचं काम तुमचं नाही.

दुसरा हत्ती असाच सापडला. सासूबाईंच्या मांडीवर लक्ष्मी दिली आणि मी विचारलं, "हे चित्र मुलं कधी बघायची?" त्या म्हणाल्या, "देवळातून आली की." आदिकुंभेश्वराच्या देवळात हत्तीण असायची. मामंजी रोज संध्याकाळी धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या यजमानांना, खांद्यावर बसवून तिथे न्यायचे. हत्तीण डोक्यावर सोंड ठेवायची, आणि पोरगं घाबरून डोळे मिटायचं. घरी आल्यावर मामंजी त्याला या चित्रासमोर उभं करायचे आणि सांगायचे, बघ, ती आपल्या मागोमाग आली, लक्ष्मीजवळ जाऊन उभी राहिली, आता भ्यायचं नाही. यजमान दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना यातलं काहीही आठवत नव्हतं. मामंजी गेले तेव्हा ते सात वर्षांचे होते, आणि वडिलांची म्हणून जी थोडी आठवण आपल्याजवळ आहे असं ते समजत होते त्यात हा प्रसंग नव्हताच. तो चाळीसहून जास्त वर्षं एका हत्तीच्या रूपानं त्यांच्याजवळ होता.

वाटणी शेवटी अशी केली, आणि ही रीत मी आता प्रत्येकाला सुचवते. प्रत्येकानं एका चिठ्ठीवर एकच चित्र लिहायचं, आणि खाली कारण. किंमत हे कारण चालणार नाही. मग चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या. कारणं ऐकली की निम्मे तंटे आपोआप मिटतात. अक्कांनी स्वतःहून रामावरचा हक्क सोडला, कारण "अभ्यास करणारा मारुती" त्यांना माहीतच नव्हता, आणि त्यांना हवी असलेली हिरवी साडी चित्रात नव्हतीच. तरीही एकाच चित्रावर दोघं राहिले तर ते आळीपाळीनं ठेवावं, दर दिवाळीला पाठवावं. दुसऱ्यासाठी चांगल्या छायाचित्रकाराकडून मूळ आकाराची प्रत काढून घ्यावी. ज्या चित्रावर कुणाचीच चिठ्ठी आली नाही ते लगेच भंगारात घालू नका. त्याचाही फोटो आणि दोन ओळींची नोंद ठेवा, मग द्या. आमच्याकडे अशी बरीच निघाली. त्यातलं समर्थांचं चित्र एका ओळखीच्या कुटुंबानं मागून नेलं.

तुमच्याकडे वडिलोपार्जित भिंत नसेल, तर निराश होऊ नका. चित्र मालकीचं असावं लागत नाही. सावंतवाडीच्या स. ल. हळदणकरांचं, हातात दिवा घेऊन ज्योतीभोवती तळहात धरलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. बापानं आपल्याच मुलीला समोर उभं करून ते जलरंगात केलं. कित्येक घरांत त्याच्या प्रती आहेत आणि कित्येक जण ते रविवर्म्यांचं समजतात. माझ्या एका मैत्रिणीचं ते आवडतं चित्र. शाळेच्या सहलीत तिनं ते एकदाच बघितलं, आणि वीज गेल्यावर आई कंदील घेऊन जिना उतरायची तो उजेड तिला तिथे दिसला. तिनं प्रत विकत घेतली नाही. तिनं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ती आठवण लिहिली आणि चित्रकाराचं नाव, चित्र कुठे आहे ते, स्वतः कधी बघितलं ते, अशा तीन ओळी खाली जोडल्या. तेवढं पुरेसं आहे. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात किंवा बडोद्याच्या फतेसिंह संग्रहालयात जाल तेव्हा कागद-पेन्सिल खिशात असू द्या.

नोंद कशी असावी? लहान. चित्राचा क्रमांक, माप, कशावर केलंय, कडेला काय छापलंय, कुठल्या भिंतीवर होतं, घरात कसं आलं, कुणी काय सांगितलं. शाईनं नको, मऊ पेन्सिलीनं, वेगळ्या कागदावर. तो कागद पाकिटात घालून चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्याला लावायचा, चित्राला नाही. दुसरी प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे. आणि नोंद मराठीत लिहा, पण पुढची पिढी मराठी वाचत नसेल तर तिच्या भाषेतही. आमच्या लक्ष्मीमागे मराठी आणि तमिळ दोन्ही आहे, तमिळ अक्कांच्या हस्ताक्षरात.

मराठी मजकूर यजमानांनी लिहिला:

"क्रमांक ३. लक्ष्मी. मळवलीचा छाप, कडा कापलेल्या. कुंभकोणमच्या घरात मधल्या खोलीत, पाळण्यासमोर. आजोबांच्या मोडीतल्या दोन ओळी होत्या, त्या गेल्या. चित्रात हत्ती एक आहे. दुसरी हत्तीण कुंभेश्वराच्या देवळातली, अप्पांनी आणून सोडलेली. खाली जागा मोकळी ठेवली आहे."